पाठची

फोनने सकाळपासून एकच धोशा लावला होता:
पोर्टमध्ये ओलावा आहे, केबल काढा.
केबल लावलीच नव्हती कुणी.
चुनह्वाबाई त्यात फुंकर घालत होत्या
चुलीत घालावी तशी, गाल फुगवून,
आणि दर फुंकरीसरशी एक टक्का उतरत होता.
"तुमच्या फुंकरीतच समुद्र आहे," मी म्हटलं.
"असणारच. साठ वर्षं मीठ खाल्लंय त्याचं."

जेजूचा पूर्वकिनारा. काळ्या दगडांचं कडं,
मधे जाळ, आणि पाणबुड्या बायका
रबरी पोशाख कमरेपर्यंत सोलून
पाठी शेकत बसलेल्या.
मी त्यांच्यात सगळ्यात नवखी:
सोलमध्ये सात वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले,
इथे सात महिन्यांत जेमतेम बारा हात खोल.

सहा वाजता ओसाकाहून फोन यायचा होता,
मालजाचा.
मालजा म्हणजे शेवटची, आता पुरे,
असं बापाने नावातूनच वर कळवलेलं.
(वर कुणी ऐकलं नाही. तिच्यामागून आणखी दोघी आल्या.)
चुनह्वाबाईंची पाठची ती.
अकरा वर्षं दोघींनी पाठ फिरवलेली
आईच्या लसणाच्या वावरावरून,
जिथे आता तिसऱ्याच कुणाचं कॉफीचं दुकान आहे.

सहा टक्के.
मी पिशवीतून पॉवर बँक काढली.
"वायर कुठंय हिची?"
"लागत नाही. पाठीला पाठ लावायची, झालं."
त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं
जसं पहिल्या दिवशी पाहिलं होतं,
मी म्हणाले होते, मला पोहता येतं, तेव्हा.

ठेवलं. काही नाही.
केसभर डावीकडे. काही नाही.
आत तांब्याची दोन वेटोळी असतात,
एकमेकींना न शिवता नेमकी समोर यावी लागतात,
एवढं मी खोक्यावर वाचलं होतं.
शेवटी कव्हर काढलं, तर आत बसचं कार्ड,
जे त्या मार्चपासून शोधत होत्या
आणि ज्यावरून सुनेला बोलूनही झालं होतं.

मग एक बारीकशी थरथर.
सात. बराच वेळ सातच.
पाण्याखाली दोन दोन मिनिटं दम धरणारी बाई,
कोरड्यात दहा सेकंद धरवेना तिला.
सारखं उचलून बघायचं,
आणि उचललं की थांबायचं.

सहा वाजून चार मिनिटांनी वाजला.
त्यांनी दोन्ही एकदम उचललं, विटेसारखं जाड,
दोन्ही हातांत आवळून, कानाशी.
मी जाळात लाकूड सारत राहिले.
कानावर आलं ते एवढंच:
शंखांचा यंदाचा भाव. गुडघा, डावा.
तिकडे पाऊस आहे का.
लसणाचं नाव निघालं नाही.
मधे एकदा कुणीच बोलेना,
मला वाटलं, गेला फोन.
तेवढ्यात चुनह्वाबाईंनी शीळ सोडली,
खोलातून वर आल्यावर आम्ही सोडतो ती,
लांब, चिरकी, छाती रिकामी करणारी.
आणि फोनमधून, खरखरत,
पन्नास वर्षं पाण्यात न उतरलेल्या कुणीतरी
तशीच सोडली.
जाळाभोवतीच्या बायका गप्प झाल्या.

ठेवला तेव्हा अकरा टक्के.
पॉवर बँकेच्या चार दिव्यांतला एकच उरलेला.
"एवढी वीज गेली कुठे गं?"
"बरीचशी नुसती गरम होण्यात," मी म्हटलं.
"वाया जाते. खोक्यावर लिहिलंय तसं."

त्यांनी फोन बाजूला ठेवला,
ती गरम वडी डाव्या गुडघ्यावर दाबून धरली,
डोळे मिटले.
"उद्या देते," म्हणाल्या.

अजून दिलेली नाही.